तपासणीचे बूट

माझी शाबासकी किती टिकली, सांगू? शिरवळला घरी पोचेपर्यंत.

मिरजेच्या एका हॉस्पिटलसाठी औषधांचे डोस काढून देणारं सॉफ्टवेअर आमच्या कंपनीकडं होतं. कोडमधल्या चुकांचा रिपोर्ट रोज कोडबरोबर अपलोड व्हायचा, आणि रोज लाल यायचा. वैतागून मी, बहुतेक चुका ज्यात निघायच्या ते डोसच्या जुन्या कोडचं फोल्डरच तपासणीतून वगळलं. रिपोर्ट हिरवागार! साहेब खूष.

घरी आल्यावर वडलांना मोठ्या तोऱ्यात सगळं सांगितलं. आबा म्हणजे फौजेतले रिटायर सुभेदार. ऐकून हसले.

"आमी बी असंच करायचो रं. तपासणीला दाखवायचा बुटांचा जोड पेटीत येगळाच ठेवलेला. लय चमकायचा."

"आणि कुणी पकडायचं नाही?"

"न्हाई. साहेब खूष व्हायचा. पर बर्फात गेलो तवा पायात रोजचा जोड होता. सोल फाटलेला."

एवढं बोलून त्यांनी उजवा पाय खाटेवर घेतला. त्या पायाला दोन बोटं नाहीत. लहानपणापासून बघतोय मी, पण कशानं गेली ते कधी विचारलंच नव्हतं.

सकाळी उठून फोल्डर परत तपासणीत घेतलं. रिपोर्ट लालभडक आला. तसाच अपलोड केला, आणि साहेबांना मीच फोन लावला.