बावीस वॉटचं पॅनेल

बसस्थानकाच्या प्रतीक्षालयात प्लग एकच होता आणि त्यावर बसची वाट बघत बसलेल्या एका मास्तरांचा मोबाइल लागला होता. एक सायकलवालं जोडपं हेल्मेटं काखेत मारून मागे येऊन उभं राहिलं. मास्तरांनी पेपर तोंडासमोर धरला, कान मात्र मागे ठेवले.

"अहो, चार दिवस झाले, दोन्ही फोन बंद आहेत."

"ढग होते गं."

"आणि माझं नाक कशानं सोलवटलंय? ढगांनी?"

"सोलर पॅनेल चांगलंय. बावीस वॉटचं आहे."

"आहेच की चांगलं. ते बसवलंय मागच्या कॅरिअरवर. आपण रोज सकाळी निघतो पूर्वेकडे. ऊन तुमच्या तोंडावर. मग तुमची सावली कुठे?"

"मागे."

"पॅनेलवर! आणि दुपारी जेवायला थांबलो की ऊन उतरेपर्यंत सायकल कुठे लावत होतात?"

"झाडाखाली. पॅनेल तापून खराब झालं असतं ना!"

"हो ना. ऊन लागलं असतं बिचाऱ्याला."

"हळू बोल, लोक ऐकतायत."

"काल आईंच्या डोळ्याची पट्टी सुटली. पहिला फोन आपला येणार म्हणून त्या वाट बघत बसल्या असतील."

"माहितीये गं मला."

मास्तरांनी पेपरची घडी घातली, आपला मोबाइल काढून घेतला आणि प्लगकडे हात केला.

दहा मिनिटांनी फोन लागला.

"हॅलो, आई? नीट दिसतंय ना? अगं बाई, छान! आम्ही सुखरूप आहोत. फोन चार्जच होत नव्हता... छे हो, ऊन रोज लख्ख होतं. मध्ये तुमचे चिरंजीव होते."