दहापर्यंत थांबायचं

(मुदखेडमधलं घर. दहा महिन्यांची तनुजा आजोबांच्या, म्हणजे दगडोबांच्या मांडीवर. तिची आई शिवकन्या पदर खोचून समोर उभी; सासऱ्यांना ती ‘मामा’ म्हणते. बाळांना बोलायला शिकवणाऱ्या हुमा मॅडम नांदेडहून व्हिडिओ कॉलवर. फोन पोह्यांच्या डब्याला टेकवलेला.)

शिवकन्या : मूठ उघडा, मामा. काय हाय त्यात?

दगडोबा : काही न्हाई. पेरू हाय.

शिवकन्या : अर्धाच?

दगडोबा : अर्धा पोपटानं खाल्ला. म्हणून तर आणला. पोपटाचं उष्टं चाटवलं की लेकरू लवकर बोलतं. शेजारच्या मकसूदभाईच्या पिंजऱ्यासमोर सकाळपासून बसलो होतो. लई नाटकी पक्षी. आधी मिरचीसाठीच अडून बसला.

हुमा : चाचा, तो पोपट बोलतो का?

दगडोबा : न्हाई.

हुमा : मग?

दगडोबा : त्याला कुणाचं उष्टं मिळालं नसंल.

हुमा : तो पेरू बाजूला ठेवा बरं. घशात अडकेल तिच्या. हे बघा, तनुजाला डाऊन सिंड्रोम आहे. जीभ, ओठ, गाल जरा सैल असतात या लेकरांचे. बोलणं उशिरा येतं. पण आजपासून मेहनत घेतली तर येतं. कान तपासून झालेत, नीट आहेत. आता तिला माणूस पाहिजे. तोंडासमोर तोंड धरायचं, एक शब्द म्हणायचा, हातानं खूण करायची, आणि थांबायचं. मागच्या वेळी शिकवलं होतं ना? करून दाखवा.

दगडोबा : हाव. तनू, इकडं बघ. दूध! दूध पाहिजे का दूध? एक वार, दोन वार, तीन वार... पाहिजे म्हणती! शिवकन्या, आण दूध.

शिवकन्या : बघितलं, मॅडम? सवाल यांचाच, जवाब यांचाच. लेकरू नुसतं टकमक बघायलंय. सोमवारी माझी रजा संपतीय, शाळेत हजर व्हायचंय. तनूचे पप्पा लातुरात, ते शनिवारी उगवणार. दिवसभर पोर मामांपाशी. असंच चालायचं असंल तर मी नोकरी सोडते. सरळ सांगते.

दगडोबा : सोड म्हणलं का मी? चाळीस वर्षं मोंढ्याच्या बाजारात हळदीचा लिलाव पुकारला, मॅडम. तीन वार म्हणलं की ढीग विकला, चला पुढच्या ढिगाकडं. ह्या तोंडाला थांबायची सवयच न्हाई.

हुमा : तीन नाही, चाचा. दहा. तेही मनातल्या मनात. ऐकायला, समजायला, तोंड जुळवायला तिला वेळ लागतो.

दगडोबा : दहा? मोंढ्यात दर ढिगाला दहा मोजले असते तर हळदीला भुंगा लागला असता.

शिवकन्या : ही हळद न्हाई, मामा.

दगडोबा : ठाऊक हाय मला.

हुमा : थांबायला नेमकं काय जड जातं, चाचा? खरं सांगा.

दगडोबा : आता काय सांगावं... मॅडम, मोंढ्यात ढिगापाशी त्याचा मालक उभा राहायचा. कंधारहून, भोकरहून रात्रीचा निघून आलेला माणूस. कुणीच भाव बोललं न्हाई की तोंड एवढंसं व्हायचं त्याचं. मला ते बघवायचं न्हाई. म्हणून मी शांतता पडूच द्यायचो न्हाई, बडबडत राहायचो.

हुमा : आणि तनुजापाशी?

दगडोबा : मी थांबलो, अन् ही बोललीच न्हाई तर? समोर हिची माय उभी असती. तिचं तोंड कोण बघणार? त्यापेक्षा मीच बोलून टाकतो.

शिवकन्या : मला वाटलं, तुम्हाला नुसती बोलायची हौस हाय.

दगडोबा : ती बी हाय.

शिवकन्या : द्या तो पेरू इकडं. हात पुसा. अन् माझ्या तोंडाचं माझं मी बघते, मामा. तुम्ही तिच्याकडं बघा.

हुमा : नाही बोलली तरी कुणाची फजिती नाही, चाचा. तिनं नुसतं बघितलं, हात हलवला, तरी ते तिचं उत्तरच. फक्त तिची पाळी तिला द्या. आणि तिनं जो आवाज काढला तोच तुम्ही परत म्हणा, म्हणजे तिला कळेल की तिचं ऐकलं कुणीतरी. सोपा घ्या. ओठ मिटून, ‘बा’.

दगडोबा : बा.

हुमा : ...ताई, चाचा खरंच गप्प आहेत की फोन अडकला?

शिवकन्या : मुंडकं बी हलवंनात, मॅडम. बोटांवर मोजायलेत. तीन झाले. ती त्यांच्या ओठांकडं बघायली. चार... पाच... बोल ना गं माय माझी, बोल की!

दगडोबा : शू! तिची पाळी हाय.

शिवकन्या : चुकलं.

हुमा : मास्तरीणबाई, तुम्हालाही दहा मोजायला शिकवावं लागतंय की.

दगडोबा : तुम्ही दोघी बोला आधी पोटभर. झालं? आता पुन्हा पहिल्यापासून. बा.

शिवकन्या : ...

हुमा : ...

तनुजा : ब्ब.

दगडोबा : ब्ब.

हुमा : अरे! पहिला आवाज तिचा ना? आधी तिनं काढला ना? चाचा, बोला की! चाचा? ताई? दिसत नाही मला काही. डबा सरकला वाटतं.

शिवकन्या : सोमवारी मी सकाळच्या गाडीनं शाळेला निघते, मॅडम. आता जरा हळू बोला. मामा मोजायलेत.