पाच वाजायच्या आत

आत्या : मान सरळ ठेव गं. एवढी हलतेस कशाला? माझ्या हातात कात्री आहे, एक करता एक व्हायचं.

भाची : लवकर काप ना. अगदी बारीक. मुलांसारखे.

आत्या : कमरेएवढे केस, कुणाला बोट लावू द्यायची नाहीस. आणि आज शाळेतून तडक माझ्या पार्लरमध्ये! आईला विचारलंस?

भाची : आई यायच्या आत व्हायला हवं.

आत्या : बरं, वर बांधलेल्या वेण्यांची रिबीन सोडते... अगं बाई! डावीकडची अर्धी वेणी कुठाय?

भाची : अडकली. दारात.

आत्या : वीस वर्षं केस कापतेय मी. दारात अडकलेले तुटतात, असे कापले जात नाहीत. कात्रीच आहे ही, आणि बोथट. कुणी केलं?

भाची : किती वाजले?

आत्या : पावणेपाच होऊन गेले. मी काय विचारतेय?

भाची : आधी दाराला कडी लाव.

आत्या : लावली. आता तू नि मी. बोल.

भाची : आमची मॉनिटर, नि तिच्या त्या दोघी. मधल्या सुट्टीत, बाथरूममध्ये. एकीनं मला भिंतीशी दाबलं, दुसरीनं मोबाइल धरला. मॉनिटरनं कापले. मी रडले, हात जोडले... सगळं आहे त्या व्हिडिओत.

आत्या : बाईंना सांगितलंस?

भाची : बाई म्हणतात, मॉनिटर म्हणजे वर्गाचा आरसा. माझं कोण ऐकणार?

आत्या : आणि पाच वाजता काय आहे? सारखी घड्याळाकडे बघतेस.

भाची : पाचपर्यंत मी हो म्हणायचं. नाहीतर व्हिडिओ शाळेच्या सगळ्या ग्रुपांवर.

आत्या : कशाला हो म्हणायचं?

भाची : उद्या माझ्या बाकावरच्या मैत्रिणीला बाथरूममध्ये न्यायचं. ती बोलताना अडखळते ना? तिच्याकडून काहीबाही म्हणवून घेणार. मोबाइल मी धरायचा.

आत्या : अरे देवा.

भाची : मी ‘हो’ लिहून ठेवलंय आत्या. फक्त पाठवलं नाहीये.

आत्या : दे बघू तो फोन इकडे.

भाची : नको! मग काय लिहितायत ते कळणार नाही मला!

आत्या : बरं बरं, राहू दे तुझ्याच हातात. ऐक. उद्या तू तिला नेलंस, तर परवा थांबतील त्या?

भाची : नाही. मग म्हणतील, शूटिंग तर हिनंच केलं.

आत्या : खोटं नाही सांगत, भीती मलाही वाटतेय. एकदा गेलेला व्हिडिओ परत बोलावता येत नाही, एवढं मलाही कळतं. पण त्यांचे मेसेज आहेत ना तुझ्याकडे? एकही पुसू नकोस. उद्या ते घेऊन आपण मुख्याध्यापिकांपुढे बसू. त्यांनाही बघू दे वर्गाचा आरसा.

भाची : पाचच मिनिटं राहिली.

आत्या : तू ठरव. मी इथेच उभी आहे.

भाची : ...‘हो’ पुसलं. मैत्रिणीला लिहितेय : ‘उद्या कुणीही बोलावलं, अगदी मी बोलावलं तरी, बाथरूममध्ये जाऊ नकोस.’ गेलं.

(थोड्या वेळानं फोन थरथरू लागतो. थांबतच नाही.)

भाची : टाकला. आत्या, टाकला त्यांनी! हसतायत सगळे. आमच्या वर्गातले नाहीत, तेसुद्धा...

आत्या : नको बघूस. इकडे ये, माझ्याजवळ.

भाची : थांब, तिचा फोन येतोय. घेऊ?

आत्या : घे.

भाची : हॅलो... हं... बघितलास? ...सावकाश बोल, मी ठेवत नाहीये... आत्या, ती विचारतेय, उद्या शाळेच्या कोपऱ्यावर थांबू का? मुख्याध्यापिकांकडे मीही येते म्हणतेय.

आत्या : थांब म्हणावं. आणि तू बोलत राहा तिच्याशी, मी तुझ्या आईला लावते. ...हॅलो वहिनी, मी बोलतेय. हातातलं काम टाकून पार्लरवर या. ...नाही, नाही, लागलं नाहीये कुठे. इथे माझ्यापाशी बसलीये. तुम्ही या फक्त.