कापऱ्या हाताची अक्षरं

हळू बोला हो जरा — नाही, चिडले नाहीये मी, पण आतल्या खोलीत हे जागे आहेत आणि तुम्ही आपलं "काय ती थरथर, काय ती गंमत" म्हणून कौतुक चालवलंय. थरथर हा शब्द यांच्या कानावर जायला नको. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या या माणसानं, रेघ केसभर हलली तरी अख्खी पाटी खरवडून काढायचे — आणि आता शर्टाची बटणं मी लावते. तुम्हाला पहिल्यांदा दिली ना ती अक्षरांची पानं, ती यांनी चुरगळून टाकलेली, मी त्यावर इस्त्री फिरवली. तुम्ही म्हणालात, जुन्या जाहिरातींसारखी आहेत, नखरेल, प्रत्येक अक्षराच्या टोकाला कसे मजेशीर पाय फुटलेत, याचा आपण फॉन्ट करू. पाय कसले — कुंचला उचलताना हात उडतो, त्याचे फराटे ते. पण यांना सांगितलं, तुमची अक्षरं पसंत पडली. यांना वाटतं, तुम्ही त्यातली सरळ तेवढी निवडून नेता. तेव्हापासून माणूस पुन्हा दाढी करायला लागला. त्याआधी भिंतीकडे तोंड करून पडून असायचे, जेवा म्हटलं की जेवायचे, बस्स.

मग नवीन डॉक्टरांनी गोळी दिली आणि हात थांबला की हो. इतकी सुरेख अक्षरं आली, यांचे डोळे भरून आले. आणि तुम्ही काय केलंत? परत पाठवलीत — पहिल्यासारखी मजा नाही म्हणे. ती पानं मी कपाटात कपड्यांखाली दडवली. काय सांगणार होते यांना, की तुमचा चांगला हात कुणाला नकोय? आता ही नवीन पानं आलीच ना तुमच्या मनासारखी? कशी म्हणजे — सकाळची गोळी दुपारी दिली, काम उरकल्यावर. रोज नाही. बरं, रोज. असं बघू नका माझ्याकडे. त्रास होतो, दिसतं मला — काल पाण्याचा पेला तोंडाशी नेईपर्यंत निम्मा अंगावर सांडला, आणि वर मलाच म्हणाले, "ही गोळी काही लागू पडत नाही गं, उगाच धावपळ करतेस तू, बंद करून टाकू." मी छाती पुसत होते त्यांची, मान वर केली नाही.

पानं खाली का ठेवलीत? उचला ना. उद्यापासून गोळी वेळेवर देईन, हात स्थिर होईल — आणि त्या स्थिर हातानं हे दिवसभर करतील काय, ते तुम्ही सांगा. मला तरी नाही सुचलं. जा तुम्ही, दार मी लावून घेते.

थांबा. जाड ठशातली अक्षरं राहिलीत म्हणालात ना मघाशी — ती कधीपर्यंत हवीत, तेवढं सांगून जा.