मी अस्वलाशी बोलतेय

(विश्रामगृहाच्या चादरी धुऊन पोचवणाऱ्या दोघी जावा. भर दुपार, जंगलातली पायवाट. दोघींच्या काखेत एकेक गाठोडं. समोर पंचवीस-तीस पावलांवर अस्वल.)

धाकटी : थांबा. पुढे पाऊल टाकू नका.

थोरली : अरे वा! अकरा दिवसांनी तोंड उघडलं म्हणायचं.

धाकटी : जाऊबाई, समोर बघा.

थोरली : समोर काय... अगं बाई गं!

धाकटी : ओरडू नका. आणि पळू नका. पळालं की ते मागे लागतं, आणि आपल्यापेक्षा जोरात पळतं.

थोरली : माझे गुडघे बघितलेस का? मी पळणार आहे होय! झाडावर चढू?

धाकटी : ह्याच गुडघ्यांनी? झाडावर तेही चढतं. वनरक्षकांनी सभेत सगळं सांगितलं होतं. तुम्ही पहिल्या रांगेत बसून घोरत होता.

थोरली : डोळे मिटून ऐकत होते. काय करायचं सांगितलं त्यांनी?

धाकटी : तोंड त्याच्याकडे ठेवून सावकाश मागे सरायचं. आणि खालच्या आवाजात बोलत राहायचं, म्हणजे त्याला कळतं की माणूस आहे.

थोरली : बोलायचं कुणाशी?

धाकटी : अस्वलाशी. तुमच्याशी माझा अबोला आहे.

थोरली : असं? मग माझाही आहे. नमस्कार हो अस्वलराव. आम्ही चादरी धुणाऱ्या बायका. आमच्यात खाण्यासारखं काही नाही. ही तर नुसती हाडं.

धाकटी : अस्वलदादा, ह्यांना सांगा, गाठोडं फेकायचं मनातसुद्धा आणू नका. काही फेकलं की तुम्ही चिडता.

थोरली : तिला सांगा, घट्ट धरलंय. आणि हेही सांगा, की ही मुकाट चालत नसती, तर आमचा आवाज ऐकून तुम्ही केव्हाच निघून गेला असतात. एरवी आम्ही ह्या वाटेनं अशा बडबडत जातो की पाखरंसुद्धा कंटाळून उडतात.

धाकटी : मुकाट का चालले ते विचारा त्यांना. दीड महिना खपून विणलेला स्वेटर कुणी उसवला ते विचारा.

थोरली : एक बाही चार बोटं लांब होती, अस्वलराव! गाव हसलं असतं. मी नीट विणून देणारच होते.

धाकटी : मुद्दाम ठेवली होती लांब.

थोरली : मुद्दाम? माझ्या दिराला मी तो सात वर्षांचा असल्यापासून बघतेय. दोन्ही हात सारखे आहेत.

धाकटी : होते. भट्टीवर घण मारून मारून उजवा खांदा उतरलाय. कुठलाही स्वेटर घातला की उजवं मनगट उघडं पडतं. मग सकाळच्या गारठ्यात बोटं आखडतात, हातोडी धरवत नाही. म्हणून लांब.

थोरली : ...हे मला कुणी सांगितलं नाही.

धाकटी : विचारलंत कुठे? टोक सापडलं की ओढत सुटलात.

थोरली : ते... ते पाठीवर काय आहे त्याच्या?

धाकटी : पिल्लू. म्हणजे मादी आहे ती.

थोरली : अगं बाई! आणि मी मघापासून राव राव करतेय!

धाकटी : बहुतेक दोन पिल्लं असतात. दुसरं कुठंय?

थोरली : माझ्या मागच्या झुडपात काहीतरी सूं सूं करतंय.

धाकटी : म्हणजे आपण मायलेकरांच्या मध्ये आलोय. ह्याहून वाईट काही नाही. पिल्लाकडे वळू नका. वाट सोडायची, उजवीकडे. माझा हात धरा.

थोरली : धरला. अबोल्यात हात धरलेला चालतो का?

धाकटी : जाऊबाई!

थोरली : बोलतेय गं, बोलायचंच आहे ना! अस्वलबाई, तुमचं लेकरू घेऊन जा. आम्ही त्याला बोटही लावलेलं नाही. आणि ही पोर घाबरलीय, तिच्या वाटेला जाऊ नका. काही करायचंच तर मला करा. माझे निम्मे दात तसेही गेलेत.

धाकटी : काहीही काय बोलता! अजून एक पाऊल. हळू.

थोरली : उभी राहिली गं! दोन पायांवर!

धाकटी : नीट बघायला आणि वास घ्यायला उभी राहतात. अंगावर आलीच तर पालथं पडायचं, मान दोन्ही हातांनी झाकायची आणि हलायचं नाही.

थोरली : मी पालथी पडले तर मला उठवणार कोण?

धाकटी : मी उठवीन. तुम्ही बोलणं थांबवू नका.

थोरली : अस्वलबाई, माझं चुकलं. विचारायला हवं होतं. आता हिनं वेगळी खोली बघितलीय, आज संध्याकाळी किल्ली घ्यायला जायचीय. भिंतीपलीकडून कानावर आलं माझ्या. तुम्ही बाईमाणूस आहात म्हणून सांगते. ही गेली, तर त्या घरात मला तोंडावर चार शब्द सुनावणारं कुणी उरणार नाही. बाकीचे सगळे नुसते हो ला हो करतात.

धाकटी : ...पिल्लू गेलं तिच्याकडे. चढलं पाठीवर.

थोरली : वळली का?

धाकटी : वळली. थांबा अजून. ...गेली.

थोरली : मी खाली बसू का जरा?

धाकटी : इथं नाही. मागं फिरू आणि मोठ्या रस्त्यानं जाऊ. आणि बोलत चला, मोठ्यानं.

थोरली : आता कुणाशी बोलू? ती तर गेली.

धाकटी : माझ्याशी बोला. कुणाशी म्हणे!

थोरली : एरवी जिभेला हाड नाही, आणि आता एक शब्द सुचत नाही बघ. हां, सांगते. मी नवी आले तेव्हा सासूबाईंनी मी धुतलेल्या चादरी परत पाण्यात घातल्या होत्या. वाळलेल्या, घड्या केलेल्या. सगळ्यांदेखत.

धाकटी : सासूबाईंनी? खरंच? मग?

थोरली : मग काय, भरली पिशवी आणि तडक स्टँडवर. माहेरची गाडी लागलेलीच होती. एक पाय पायरीवर टाकला, आणि मागून कुणीतरी पिशवी धरली.

धाकटी : कुणी?

थोरली : रस्ता लागला बघ. इथं अस्वल येत नाही. आता गप्प चाललं तरी चालेल.

धाकटी : जाऊबाई, पिशवी कुणी धरली?

थोरली : उशीर होईल तुला. किल्लीवाला सहापर्यंतच थांबणार आहे ना?

धाकटी : थांबू दे त्याला. तुम्ही पुढचं सांगा.