उजवीकडचं बटण

इंजिनिअर : ...आणि शिवाय मॅडम, माझ्या स्वतःच्या आईला दिसत नाही. न दिसणाऱ्यांबद्दल मला हे सगळं शिकवायची खरंच गरज आहे का, एवढंच माझं म्हणणं.

प्रशिक्षिका : झालं तुमचं? मग बसा आता. खुर्चीचा आवाज आला नाही, म्हणजे अजून दाराशीच उभे आहात.

इंजिनिअर : बसतो, बसतो. रागावू नका. बाकीची टीम सकाळीच तुमच्याकडून शिकून गेली, मी एकटाच राहिलोय. पण सोमवारी आमचं अ‍ॅप चाळीस हजार म्हाताऱ्या माणसांच्या फोनवर जायचंय. श्वास घ्यायला फुरसत नाही मला.

प्रशिक्षिका : चाळीस हजारांत माझ्यासारखे किती? अजिबात न दिसणारे, अंधुक दिसणारे?

इंजिनिअर : असतील की. म्हणून तर इतकं साधं ठेवलंय. दोनच बटणं. हिरवं म्हणजे 'मी बरी आहे', लाल म्हणजे 'मला मदत हवी'. हिरवं दाबलं की मुलाच्या फोनवर हिरवी खूण. लाल दाबलं की भोंगा. शेंबडं पोरसुद्धा वापरेल.

प्रशिक्षिका : शेंबड्या पोराला दिसतं हो. आणा तो फोन इकडे. हं. आता मी याचा पडदा काळा केला आणि बोलणं चालू केलं. जिथे बोट ठेवाल तिथे काय आहे ते फोन सांगेल. दोनदा टकटक केलं की बटण दाबलं जाईल.

इंजिनिअर : मला वाटलं डोळ्यांना पट्टी बांधायला लावणार.

प्रशिक्षिका : ते आंधळी कोशिंबीरवाले वेगळे. मला तुमचे डोळे नकोत, तुमचं अ‍ॅप तपासायचंय. ऐका. तुम्ही जिन्यात पडलाय, पाय मुरगळलाय, आणि मी तुमची मुलगी. माझा फोन इथे टेबलावर आहे, तुमच्या टीमने सकाळीच अ‍ॅपला जोडून दिलाय. कळवा मला.

इंजिनिअर : सोपंय. हे... 'बटण' म्हणाला. आणि हे... हेही 'बटण'. अरेच्चा, नुसतं बटण काय? नाव कुठे गेलं?

प्रशिक्षिका : तुम्ही दिलंय का नाव?

इंजिनिअर : वर चित्र आहे ना. एकावर हसरा चेहरा, दुसऱ्यावर घंटा. बरं, जागा पाठ आहे मला. उजवीकडचं. टक, टक. झालं! थरथरला बघा.

प्रशिक्षिका : माझाही वाजला. थांबा, वाचून घेते. म्हणतोय, 'मी बरी आहे.' वा, इंजिनिअरसाहेब! जिन्यात आडवे पडलाय आणि बरे आहात!

इंजिनिअर : छे छे, चुकलं. मदतीचं आता डावीकडे असतं. आधी उजवीकडे होतं, नंतर आम्ही अदलाबदल केली. हिरवं रोज लागतं, ते अंगठ्याखाली यावं म्हणून.

प्रशिक्षिका : तुम्हीच केली अदलाबदल आणि तुमचाच अंगठा जुन्या जागी गेला. बरं, आता डावीकडचं दाबा.

इंजिनिअर : टक, टक. नाही गेलं? हां, ते तीन सेकंद दाबून धरावं लागतं. चुकून भोंगा वाजायचा, लोक वैतागायचे. म्हणून तेही त्याच वेळी बदललं.

प्रशिक्षिका : आणि हे सगळं लोकांना कसं सांगितलंत?

इंजिनिअर : अ‍ॅप उघडलं की एक बाण यायचा, हलणारा. छान केला होता टीममधल्या एका मुलीने...

प्रशिक्षिका : हलणारा बाण. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी.

इंजिनिअर : ...चुकलंच ते. मान्य. पण खरं सांगू? एकही तक्रार नाही आली. दोनशे घरांत चाचणी चालू आहे आणि त्यात आमच्या आईइतकं कुणीच वापरत नाही. ऑफिसच्या भिंतीवर फोटो लावलाय तिचा, आमची सगळ्यात उत्साही सभासद म्हणून.

प्रशिक्षिका : उत्साही म्हणजे?

इंजिनिअर : पूर्वी रोज सकाळी एक हिरवी खूण यायची. ठरलेली, साडेसातची. हल्ली रोज नाही करत, विसरते. वय झालं. पण कधी लहर आली की एकदम सहा, सात! मागच्या महिन्यात एका मंगळवारी तर अकरा. मी टीमला दाखवलं, सगळे हसले.

प्रशिक्षिका : सकाळची खूण कधीपासून बंद झाली?

इंजिनिअर : चारपाच महिने झाले असतील.

प्रशिक्षिका : आणि ही अदलाबदल कधी केलीत?

इंजिनिअर : पाच... थांबा. थांबा, मॅडम.

प्रशिक्षिका : आईंना अ‍ॅप कुणी शिकवलं?

इंजिनिअर : मी. काचबिंदूने दिसणं गेलं तेव्हा. शेजारी बसून, बोट धरून. सांगितलं, हे बघ, डावीकडचं रोज सकाळी, बरी आहेस म्हणून. आणि कधीही काही झालं, तर नंबर शोधत बसू नकोस, फोन लावत बसू नकोस. उजवीकडचं दाब, मी येतो.

प्रशिक्षिका : आणि मग तुम्ही बटणं बदललीत.

इंजिनिअर : नाही हो. नाही. असं कसं होईल? रविवारी बोलतो की मी तिच्याशी. दर रविवारी! म्हणते, छान आहे, जेवले, झोपले. सांगितलं असतं तिने.

प्रशिक्षिका : रोज सकाळी डावीकडचं दाबत असतील. ते तीन सेकंद धरल्याशिवाय जातच नाही, म्हणून तुमची साडेसातची खूण बंद झाली. विसरल्या नाहीत त्या. आणि उजवीकडचं...

इंजिनिअर : सहा, सात वेळा. देवा! म्हणजे ती मला बोलावत होती? आणि मी हिरव्या खुणा मोजत बसलो! खूण आली नाही की अ‍ॅप मला आठवण करून द्यायचं, तेही मीच बंद केलं. कटकट नको म्हणून. मीच!

प्रशिक्षिका : त्या मंगळवारची नोंद आहे फोनमध्ये?

इंजिनिअर : आहे. थांबा, पडदा परत चालू करतो. पहिली खूण दुपारी दोन दहा. दोन बारा. दोन पंधरा. दोन चाळीस... शेवटची चार पस्तीसला. अडीच तास, मॅडम. अडीच तास ती बटण दाबत होती आणि मी शेजारच्या खोलीत मीटिंगमध्ये सगळ्यांना दाखवत होतो, बघा आमच्या मातोश्री!

प्रशिक्षिका : काही उत्तर पाठवलंत का?

इंजिनिअर : हो.

प्रशिक्षिका : काय?

इंजिनिअर : टाळ्या. टाळ्या वाजवणाऱ्या हातांचं चित्र.

प्रशिक्षिका : अहो, फोन चित्रही वाचून दाखवतो.

इंजिनिअर : काय?

प्रशिक्षिका : मला रोज येतात तसली. फोन सरळ बोलतो, 'टाळ्या वाजवणारे हात.' तुम्ही एकदाच पाठवलंत?

इंजिनिअर : पाच. पाच ओळीने.

प्रशिक्षिका : मग पाचही वाचले असणार.

इंजिनिअर : ती कुठेतरी पडलेली आणि मी... काय माणूस आहे मी? काय मुलगा आहे?

प्रशिक्षिका : हे बघा, वीस वर्षं शिकवतेय मी, माझ्याही अंगावर काटा आलाय, खोटं नाही सांगत. पण रडायचं ते मागून रडा. आधी सोमवारचं थांबवा. बाकीच्या एकशे नव्व्याण्णव घरांनाही आजच फोन गेले पाहिजेत, माणसांनी केलेले. आणि त्याच्याही आधी आईंना लावा. इथूनच. मी बाहेर जाऊ का?

इंजिनिअर : नको. थांबा. मला एकट्याला नाही जमायचं.

(स्पीकरवर रिंग वाजत राहते. बऱ्याच वेळाने फोन उचलला जातो.)

आई : कोण? सोन्या? आज कसा काय? आज काही रविवार नाही.

इंजिनिअर : आई, कशी आहेस?

आई : मी छान आहे. जेवले, आता आडवी होणार होते. तुझा आवाज का असा? सर्दी झालीय का? गरम पाणी पीत जा म्हटलं तर ऐकत नाहीस.

इंजिनिअर : आई, मागच्या महिन्यात एका मंगळवारी दुपारी काय झालं होतं?

आई : ते होय! अरे, ते झालं गेलं. न्हाणीघरात पाय घसरला. कंबर अशी धरली की उठताच येईना. नशीब, फोन गाऊनच्या खिशात होता. तुला कळवलं की मी लगेच.

इंजिनिअर : किती वेळ पडून होतीस?

आई : घड्याळ कुठे दिसतंय मला! फरशी गार होती, एवढं आठवतंय. मी आपली बटण दाबतेय, थांबतेय. म्हटलं निघाला असेल, येईलच आता. मग फोन बोलला, टाळ्या, टाळ्या, टाळ्या.

इंजिनिअर : आई गं...

आई : आधी मला कळेचना. मग म्हटलं, कामात अडकलाय पोरगा, यायला जमत नाहीये, तर धीर देतोय. लहानपणी तू चालायला शिकत होतास ना, धपकन पडायचास, तेव्हा मी अशाच टाळ्या वाजवायचे. ऊठ ऊठ म्हणून. मग काय, बादलीला धरलं, नळाला धरलं, आणि उठले एकदाची.

इंजिनिअर : नाही गं आई. तसं नव्हतं ते. पाच महिन्यांपूर्वी मी बटणांच्या जागा बदलल्या आणि तुला सांगितलंच नाही. तू हाक मारायचीस आणि माझ्याकडे यायचं, आई मजेत आहे. मला वाटलं तू गंमत करतेयस. म्हणून टाळ्या.

आई : म्हणजे उजवीकडचं दाबलं तरी?

इंजिनिअर : तरी.

आई : ताप आला होता तेव्हाही दाबलं होतं रे. आणि वरच्या मजल्यावर धूर झाला होता, घाबरले होते मी, तेव्हाही.

इंजिनिअर : नाही कळलं, आई. काहीच नाही कळलं.

आई : एकदाही नाही?

इंजिनिअर : एकदाही नाही. मी आत्ता निघतोय. ऐकतेयस ना? आत्ता. आई? रडतेयस का तू? शिव्या दे हवं तर.

आई : नाही रे. शिव्या कसल्या? बरं वाटलं. मी आपली पाच महिने धरून चालले होते, की तुला कळतंय आणि तरी तू येत नाहीस.