चार आया, चार पोरं

आणि वर मलाच म्हणतात, "वेडी आहेस!" अहो, वेडी कशी? तुम्हाला सांगते, त्या हमामात शिरलं ना, की आपण जागे आहोत की झोपेत हेच कळत नाही... वाफ अशी की आपलाच हात दुसऱ्या कुणाचा वाटावा, घुमटाच्या भोकांतून उजेड काठ्यांसारखा खाली उतरलेला, बायकांचं बोलणं पाण्याखालून आल्यासारखं, आणि मी कोमट फरशीवर पाठ टेकलेली. जरा डोळा लागला, तर बिघडलं कुठे? माझा अनीस जन्मल्यापासून रडतोय हो! मोरोक्कोतल्या फेस शहरातल्या आमच्या अरुंद गल्लीत गाढववाले "वाट सोडा, वाट सोडा" करत ओरडतात ना, तेसुद्धा आमच्या दारावरून जाताना कानावर हात ठेवतात!

तर हमामवाल्या मबारका मावशींनी आम्हा चौघींची चार तान्ही घासूनपुसून बाहेर नेली आणि चारही एकसारख्या पांढऱ्या पंच्यांत गुंडाळली, नुसती नाकं बाहेर! मी उठून येते तो बाकीच्या तिघी आपापलं गाठोडं उचलून गेलेल्या. राहिलं होतं एक. गप्प! माझं पोरगं, आणि गप्प?

"मावशी, हे माझंच ना?"

"अगं, चार आया, चार पोरं. कुणी एकीनं दोन नेली नाहीत, उरलं कोणी नाही. आता कसली शंका?"

चार आया, चार पोरं, उरलं कोणी नाही... खरंय. पण सातवीपर्यंत शिकलेय मी! शाळेत जोड्या लावायला देत. एकदा मी देश आणि राजधान्यांच्या रेघा ओढल्या, एकाला एक, कुणी उरलं नाही, इतकं देखणं दिसत होतं सगळं... बाईंनी शून्य दिलं!

तुम्ही म्हणाल, आईला तोंड ओळखू येऊ नये? अहो, त्याचं रडकं तोंड पाठ आहे मला! मिटलेलं कधी पाहिलंय मी?

घरी आणलं. सासूबाई म्हणाल्या, "झोपलाय ना? मग देवाचे आभार मान आणि हळू बोल." मी बघत बसले. संत्र्याच्या फुलांच्या पाण्याचा वास, इवलासा श्वास, अंगणातल्या कारंज्याची टपटप... खोटं कशाला बोलू, क्षणभर वाटलं, असू दे कुणाचं का असेना, किती छान आहे हे! आणि मग एकदम मनात आलं... कुठल्यातरी परक्या घरात माझा अनीस रडत असेल, आणि ती बाई म्हणत असेल, आमच्या पोराला आज झालंय तरी काय?

सासूबाईंच्या मांडीवर गाठोडं टाकलं नि त्या तिघींच्या घरांकडे धावत सुटले.

झहूर म्हणाली, "हा बघ खालचा एकुलता एक दात, तोही वाकडा. माझाच आहे." बतूल तर पाजतच होती, "आई गं! असा चावणारा दुसरा कुणी असेल का? जा तू!" राहिली रुकय्या. ती माझं ऐकून पांढरीफटक! "अगं बाई, तुझं बदललं असेल तर आणखी एकीचं तरी बदललंच असणार की!" घाईघाईनं पंचा सोडला... डाव्या पायाची दोन बोटं जुळलेली. "हुश्श! थेट माझ्या सासऱ्यांचा पाय. आमचाच गं."

मी तिच्या पायरीवरच बसले. तीन जोड्या बरोबर. मग चौथी रेघ जाणार कुठे? चार आया, चार पोरं, उरलं कोणी नाही... म्हणजे तो शांत, सुगंधी, देवदूतासारखा जीव माझाच! तरंगत घरी आले हो, पाय जमिनीला लागेनात. उचलला, म्हटलं, "माझ्या राजा, असाही दिसतोस होय तू?"

त्यानं हळूच डोळे उघडले. माझ्याकडे नीट पाहिलं. ओळखलंन्... आणि जो सूर लावला!

गल्लीत गाढव थबकलं. सासूबाई पुटपुटल्या, "कशाला उचललास?"

काय सांगू? चार आया, चार पोरं, उरलं कोणी नाही. एखादं पाचवं असतं, तर निदान शंका घ्यायला तरी जागा राहिली असती!